चालू होडीत बोलू नये

माझी वहिनी बोलत नाही. मुकी नाही हो! तोंड आहे, जीभ आहे, वेळ पडली तर दोन शब्द निघतातही. पण दोनच. दादाने तिला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मी नणंद म्हणून कंबर कसून बसले होते. टोमणे तयार, तिने काही म्हटलंच तर त्यावरची उत्तरंही तयार. आणि ही बाई माझ्या पहिल्याच टोमण्यावर हसली, "हो ना" म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा बरं? माझी सगळी तयारी वाया गेली, त्याचा राग मला अजून आहे.

माझं पार्लर आहे. दिवसभर बोलणं हा माझा धंदा, केस कापणं त्याच्या जोडीला. गप्प बसणारं गिऱ्हाईक आलं की माझी कात्री वाकडी चालते. आणि घरात ही अशी! बरं, ही बया करते काय, तर व्हिडिओ गेमच्या गोष्टी लिहिते. गेममधली माणसं काय बोलतात, कुणाचं कुणाशी वाकडं आहे, कोण कुणाला शोधत निघालंय, ते सगळं हिच्या डोक्यातून येतं. घरात दोन शब्द, आणि तिथे पानंच्या पानं.

"गेममध्ये गोष्ट कशाला लागते गं?" मी एकदा विचारलं. "उडी मारायची, मरायचं, परत उठायचं. झालं की."

"टिचकीही हेच म्हणतो," वहिनी म्हणाली आणि पुन्हा गप्प.

टिचकी म्हणजे तिच्या ऑफिसातला दुसरा शहाणा. गेम हाताला कसा लागायचा, कुठलं बटण दाबल्यावर काय व्हायचं, किती अवघड, किती सोपं, हे सगळं तो ठरवतो. त्याची बोटं एक क्षण स्वस्थ नसतात. टेबल, कप, स्वतःचा गुडघा, जे मिळेल त्यावर टिचक्या मारत असतो, म्हणून हे नाव. त्याचं म्हणणं एकच: "हात रिकामा राहिला की माणूस फोन काढतो." वहिनीचं म्हणणं: "मन रिकामं राहिलं की घरी जातो." दोघांचं हे भांडण ती तिथे लागली तेव्हापासून चालू आहे. भांडण म्हणजे तो तासभर बोलतो आणि ही मान हलवते. आडवी.

आता मुख्य गोष्ट. वहिनीचे बाबा, म्हणजे आमचे काका, बसचे ड्रायव्हर होते. काय बोलायचा तो माणूस! आमच्या घरी आले की मला बोलायला जागा उरायची नाही, यातच काय ते समजा. "ऐक ना, गंमत सांगतो," अशी सुरुवात, आणि मग तास गेला कुठे कळायचं नाही. एका माणसाने बसमध्ये कपाटाचा अख्खा आरसा चढवला, तर सगळे प्रवासी त्यात बघून भांग पाडत बसले आणि कुणी आपल्या स्टॉपवर उतरेचना. एक बाई रोज शेवटच्या स्टॉपपर्यंत यायची आणि त्याच बसने परत जायची, का, तर घरी सून गाणं शिकत होती. असले शेकडो किस्से. वहिनी लहानपणापासून तेच ऐकत बसलेली. हिला बोलायला कधी फटच मिळाली नसणार, असं माझं मत आहे.

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, डोळे तसेच मिश्किल, पण तोंडातून शब्द नाही. वहिनी दर रविवारी जायची. एक बोलू न शकणारा आणि एक न बोलणारी, दोघं समोरासमोर बसायचे. मी एकदा बरोबर गेले आणि त्या शांततेत माझा जीव नुसता गुदमरला. मीच काकांना पार्लरमधल्या भानगडी सांगत सुटले.

त्याच महिन्यांत वहिनीने नवा गेम लिहायला घेतला. एक मुलगी होडी वल्हवत नदीतून चालली आहे. होडीत तिचा म्हातारा बाप बसलाय, पूर्वीचा नावाडी. प्रवाह उलटा आहे, खडक आहेत, भोवरे आहेत. मुलगी वल्हवते आणि म्हातारा बोलतो. आरसा, गाणं शिकणारी सून, सगळं त्याच्या तोंडी, फक्त बसच्या जागी होडी. ते काकांचं बोलणं होतं. जसंच्या तसं. दुसरीकडे कुठे ते उरलं नव्हतं, म्हणून हिने तिथे नेऊन ठेवलं. हे तिने तेव्हा कुणालाही सांगितलं नाही, दादालासुद्धा नाही. मला कसं कळलं ते सांगतेच.

एक दिवस ती पार्लरच्या दारात उभी. "येशील? गेम खेळून बघायला. गेम न येणारी माणसं हवीत."

गेम न येणारी! म्हटलं, हा मान तरी माझाच.

ऑफिस चष्म्याच्या दुकानावर. जिना अरुंद, वर एक लांबलचक खोली. खिडकीला पडद्याऐवजी घोंगडी, स्क्रीनवर ऊन पडू नये म्हणून. जमिनीवर वायरींचा असा पसारा की पाय टाकायची भीती. कोपऱ्यात एक स्प्रिंग गेलेला सोफा, खेळून बघणाऱ्या माणसांसाठी. आणि तिथली एक पद्धत बघून मी चाट पडले. बाहेरचा माणूस खेळत असताना गेम करणाऱ्यांनी मागे खुर्चीवर बसायचं, आणि तोंडात पाण्याचा घोट धरायचा! का, तर त्यांना राहवत नाही. "अहो, डावीकडे! डावीकडे!" असं ओरडतात, आणि मग तो माणूस स्वतः काय करतो ते कळतच नाही. म्हणून गुळणी. टिचकी दर वेळी पहिल्या मिनिटाला पाणी गिळून टाकतो, मग त्याला दुसरा घोट देतात. त्याची तहान भागते, पण तोंड बंद होत नाही. वहिनी मात्र या खेळातली उस्ताद. तिला पाण्याची काय गरज!

मी बसले. हातात ते दोन मुठींचं यंत्र दिलं. "हे गोल बटण दाबलं की वल्हं पडतं," एवढंच सांगितलं. दाबलं. होडी सुटली. अहो, काय मजा आली म्हणून सांगू! खडक आला, चुकवला. भोवरा आला, त्यातून काढली. मी पदर खोचून वल्हवत होते. आणि मध्येच तो म्हातारा. खाली काहीतरी अक्षरं उमटायची, मी बटण मारलं की जायची, मग नवी उमटायची.

"हा म्हातारा मध्ये मध्ये काय बडबडतोय?" मी म्हणाले. "याला उतरवता येतं का कुठे?"

म्हणाले ते म्हणाले. खेळणाऱ्याने मनातलं मोठ्याने बोलायचं असाच तिथला नियम होता, आणि मी नियम पाळणारी बाई आहे. मागे वळून बघितलं तर वहिनीने पाणी गिळलं होतं.

माझ्यानंतर आणखी काही जण खेळले. शेवटी त्यांच्या मॅडम आल्या, म्हणजे त्या खोलीच्या मालकीण. चांगली बाई, पण शब्द मोजून मापून. तिने सगळ्यांना एकच विचारलं, "म्हातारा काय सांगत होता?" कुणालाही सांगता येईना. एक जण म्हणाला, "काहीतरी आरशाचं होतं बहुतेक." दुसऱ्याला तर होडीत म्हातारा होता हेच आठवेना!

मॅडम म्हणाल्या, "नदी छान जमली आहे. म्हातारा जमलेला नाही. पुढच्या वेळीही कुणाला काही आठवलं नाही तर त्याला काढू या. होडीची शर्यत म्हणून गेम चालेल."

टिचकीने आनंदाने टेबलावर टिचकी मारली. वहिनी म्हणाली, "बरं." बस. बरं!

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पार्लरमध्ये आली. "केस धू," म्हणाली आणि बेसिनवर मान टाकून डोळे मिटले. मी फेस केला, चोळायला लागले, आणि बघते तर डोळ्यांच्या कडेने पाणी. शांपू गेला म्हणावं, तर मी काय नवशिकी आहे?

"ते बाबांचं बोलणं आहे," ती छताकडे बघत म्हणाली. "म्हातारा बोलतो ते. सगळं. तो गेममधून गेला की गेलंच."

माझे हात थांबले. मग माझं डोकं फिरलं. "अगं भवाने! हे आधी सांगायला काय झालं होतं? तोंड काय फक्त पाणी धरायला दिलंय का देवाने? काकांचं बोलणं मी न वाचता टाकलं असतं होय? आणि वाचणार तरी कशी गं? वल्हं मारू का वाचू? त्या एकाच बटणावर सगळं! वल्हं मारायला दाबलं की त्यांचं वाक्य गायब!"

वहिनी ताडकन उठून बसली. फेस माझ्या अंगावर.

"एकच बटण," ती म्हणाली.

"मग काय दोन आहेत?"

"तू वल्हवलंस की वाक्य जातं?"

"तुझा गेम आहे ना? मला काय विचारतेस?"

ती तशीच निघाली, डोक्याला टॉवेल, मानेवर फेसाचे ओघळ. टॉवेल पार्लरचा, त्यामुळे मीही मागे. आणि खरं सांगायचं तर मला बघायचंच होतं. त्या दिवशी त्या खोलीत माझी वहिनी बोलली! सलग, वाक्यांवर वाक्यं. टिचकी भिंतीला टेकला. दोघांच्या बोलण्यातून जे निघालं ते ऐकून मी कपाळाला हात लावला. टिचकी नदी तपासायचा तेव्हा अक्षरं बंद करून ठेवायचा, मध्ये येतात म्हणून. आणि वहिनी म्हाताऱ्याचं बोलणं तपासायची तेव्हा प्रवाह बंद करायची, शांतपणे वाचता यावं म्हणून. त्याची नदी मुकी, हिची नदी थिजलेली. दोन्ही एकत्र चालू ठेवून तो गेम त्या दोघांपैकी कुणीही, कधीही, एकदासुद्धा खेळलं नव्हतं! हे असं फक्त शिकलेल्या माणसांनाच जमतं बाई.

त्यांनी लगेच दुरुस्ती केली. बोलण्याला वेगळं बटण. मी बसलेच होते, मलाच खेळायला लावलं. ते दुसरं बटण मी कशाला दाबायला जाते? म्हातारा "ऐक ना" म्हणून तसाच आ वासून बसला पार शेवटच्या भोवऱ्यापर्यंत. मग म्हणे, म्हातारा बोलतो तोवर होडीच थांबवू. थांबवली. मी ओरडले, "अरे, अडकली का काय?" आणि जागच्या जागी दहा वेळा बटण मारलं. ती शाळेतल्यासारखी हाताची घडी घालून ऐकायची सक्ती मला शाळेतही मानवली नव्हती, आता काय मानवणार?

वहिनी सोफ्यावर बसली. डोक्यावरचा फेस आता वाळून कडक झाला होता. टिचकीच्या टिचक्याही थांबल्या होत्या. माणूस वाईट नाही तो. त्याला तोवर कळलं होतं की म्हातारा कोण आहे.

त्याने हळूच विचारलं, "तुझे बाबा बस चालवताना पण एवढं बोलायचे?"

"छे," वहिनी म्हणाली. "चालू बसमध्ये एक शब्द नाही. तशी पाटीच असते ना. मी मागच्या सीटवर बसलेली असायचे. बस थांबली की वळायचे आणि बोलायचे. बस सुटली की अर्धं वाक्य तसंच ठेवून पुढे बघायचे. उरलेलं पुढच्या स्टॉपला."

"आणि तू?"

"मी पुढच्या स्टॉपची वाट बघायचे."

टिचकीने असा काही आवाज काढला की मला वाटलं, याला ठसका लागला. उठला आणि कळफलकावर तुटून पडला. वहिनी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. त्यांनी काय केलं, मला कळलं तेवढं सांगते. वल्हवत राहिलात तर म्हातारा गप्प, नुसता नदीकडे बघतो. वल्ही उचललीत की तो वळतो आणि बोलायला लागतो. पण प्रवाह उलटा, त्यामुळे तो बोलतोय तोवर होडी मागे मागे जाते. परत वल्हं मारलंत की त्याचं वाक्य तिथेच तुटतं. पुढे जायचं का ऐकायचं, तुमचं तुम्ही ठरवा. ऐकायचं असेल तर गेलेलं अंतर पुन्हा कापा.

"पण न थांबताच गेला कुणी तर?" वहिनीने विचारलं.

"तर गेला," टिचकी म्हणाला. "त्याचं नशीब."

नव्याने खेळून बघायला माणसं बोलावली त्यात एक व्यायामशाळेतला मास्तर होता. दंड असे की सोफ्याची उरलेली स्प्रिंगही गेली. मी मागे जागा पटकावून बसले होते. मलाही गुळणी दिली, मेल्यांनी. मास्तर सुटला तो असा वल्हवत सुटला की म्हाताऱ्याला तोंड उघडायची संधीच नाही. वहिनी खुर्चीच्या कडेला, दोन्ही हात घट्ट धरून. टिचकीने पाणी कधीच गिळलं होतं, पण या वेळी तो बोलला मात्र नाही.

शेवटी मास्तरच्या अंगठ्याला रग लागली. त्याने यंत्र मांडीवर ठेवून अंगठा झटकला. होडी संथ झाली. म्हातारा वळला. ऐक ना, गंमत सांगतो. एक माणूस कपाटाचा अख्खा आरसा घेऊन होडीत चढला.

मास्तरने वाचलं. होडी मागे सरकायला लागली, तशी त्याने घाईने वल्हं मारलं. म्हातारा मध्येच गप्प. मास्तर वल्हवतोय, पण आता त्याचं लक्ष खडकावर नाही, म्हाताऱ्याच्या पाठीवर. थोडं पुढे गेला आणि वल्ही उचलली.

"हां, बोला आजोबा," तो स्क्रीनला म्हणाला. "आरशाचं काय झालं?"

वहिनीच्या तोंडातलं पाणी टिचकीच्या मानेवर. पूर्ण घोट! तो किंचाळला, मी हसले आणि माझं पाणी माझ्याच मांडीवर, आणि तो मास्तर मागे वळून म्हणतो, "गप्प बसा हो, ते बोलतायत." मॅडम दारात उभ्या होत्या. शेवटी त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि मास्तरने त्यांना आरशाची गोष्ट पहिल्यापासून, हातवारे करून सांगितली. म्हातारा राहिला. वहिनी बाहेर जिन्यावर येऊन रडली आणि मी तिला पोटाशी धरलं. एवढं बरं वाटलं मला, स्वतःचं काही चांगलं झालं असतं तरी वाटलं नसतं.

रविवारी आम्ही दोघी तो गेम घेऊन काकांकडे गेलो. काकूंनी, म्हणजे वहिनीच्या आईने, दार उघडलं. काका खिडकीपाशी खुर्चीत. वहिनीने टीव्हीला वायरी जोडल्या आणि यंत्र त्यांच्या डाव्या हातात दिलं. "हे बटण, बाबा. थांबलात की तो बोलतो." एवढंच सांगितलं आणि त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली.

काकांनी होडी सोडली. जन्मभर स्टिअरिंग धरलेला माणूस, डाव्या हातानेही काय वळणं घेतली! म्हातारा दिसला तशा भुवया वर गेल्या. एकदा थांबले. म्हातारा वळला, ऐक ना, गंमत सांगतो. काका ओठाच्या चांगल्या कोपऱ्यातून हसले. ओळखलं होतं त्यांनी, शंकाच नको. आणि त्यांनी परत वल्हं मारलं. मग ते थांबलेच नाहीत. खडक, भोवरे, सगळं एका दमात. म्हाताऱ्याला पुन्हा एक शब्द बोलू दिला नाही. होडी पैलतीराला लागली.

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, तुम्ही ऐकलंच नाही. ते सगळं तुमचं आहे. मी सगळं ठेवलंय. थांबा ना थोडं."

काकांनी यंत्र बाजूला ठेवलं. टीव्हीकडे बघून डावा हात झटकला, पुरे आता, असा. मग तोच हात स्वतःच्या कानामागे धरला आणि तिच्याकडे वळून बसले. डोळे तिच्यावर.

"काय, बाबा?"

त्यांनी बोट तिच्याकडे केलं आणि पुन्हा कानामागे हात.

"मी काय बोलू?" ती म्हणाली. काका तसेच. हलले नाहीत. काकू दारात पुसणं हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"मला तुमच्याशी बोलता येत नाही, बाबा," ती शेवटी म्हणाली. "मला फक्त ऐकता येतं. तुमचं बोलणं गेल्यापासून मी इथे येते आणि मला काही सुचत नाही. तुम्ही समोर असता, तरी मला तुमची फार आठवण येते."

काकांच्या डोळ्यांतून धार लागली. पण कानामागचा हात त्यांनी खाली केला नाही. दुसरा हात हलत नव्हता, म्हणून त्यांनी हनुवटी वर करून विचारलं, मग?

"मग," वहिनी म्हणाली, आणि डोळे पुसून त्यांच्या गुडघ्यापाशी सरकली, "ऑफिसात एक जण आहे, त्याला टिचकी म्हणतात."